पाकिटावरचा पंखधारी बैल

डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात ‘बुक ऑफ केल्स’ हे इसवी सन ८०० च्या सुमाराचे हस्तलिखित जतन करून ठेवले आहे. वासराच्या कातड्यापासून सिद्ध केलेल्या त्याच्या ३४० पानांवर लॅटिन भाषेतील चार शुभवर्तमाने आहेत. चारही शुभवर्तमानकारांना एकेक चिन्ह लाभले आहे : मत्तयाला मनुष्य, मार्काला सिंह, लूकाला बैल आणि योहानाला गरुड. नाव न वाचताही ओळख पटावी, अशी ही मध्ययुगीन चित्रलिपी. परंतु दर्शनाला येणाऱ्याच्या वाट्याला येतात ती काचेआड उघडून ठेवलेली मोजकी पाने.

हा ठेवा जनसामान्यांपर्यंत न्यायचा कसा? जगभरच्या टपाल खात्यांचे नेहमीचे उत्तर म्हणजे स्मारक तिकीट. त्याची छपाई देखणी आणि रंग समृद्ध असतात. मात्र त्याची गत स्मारक नाण्यासारखी होते. ते एकदाच निघते, संग्राहकाच्या वहीत जाऊन विसावते आणि व्यवहारात फारसे फिरत नाही.

आयर्लंडने १९६८-६९ मध्ये वेगळी वाट धरली. १९२२ पासून चालत आलेल्या नकाशा, तलवार, क्रॉस आणि राजचिन्हांच्या तिकिटांच्या जागी रोजच्या वापराची नवी मालिका आली. हाइनरिख गेर्ल या जर्मन कलावंताने तिच्यासाठी प्राचीन आयरिश कलेच्या शैलीतील चार प्राणी रेखाटले : कुत्रा, हरिण, पंखधारी बैल आणि गरुड. कमी किमतीच्या तिकिटांवर कुत्रा आला, तर सर्वांत मोठ्या किमतीवर गरुड. बैल लूकाचा आणि गरुड योहानाचा. १९७१ मध्ये देशाने दशमान चलन स्वीकारले, तिकिटांवरचे आकडे बदलले. प्राणी मात्र तेच राहिले. १९८२ मध्ये वास्तुशिल्पांची मालिका येईपर्यंत ते देशाच्या पत्रव्यवहाराबरोबर गावोगाव फिरत राहिले.

यावर दोन आक्षेप संभवतात. इवल्याशा तिकिटावर मूळ चित्राची नजाकत उतरत नाही, हा पहिला. पवित्र चिन्हावर टपालाचा शिक्का बसणे शोभत नाही, हा दुसरा. पहिल्यात तथ्य आहे. पण चिन्हाचे सामर्थ्य बारकाव्यात नसून ओळखीत असते. ही चिन्हे हस्तलिखितागणिक वेगळ्या रेषांत उतरली आणि तरीही ओळखू आली. दुसऱ्या आक्षेपाबाबत म्हणावयाचे तर, शिक्का हा अवमान नव्हे. पत्र मार्गस्थ झाल्याची ती खूण आहे.

ही दृष्टी भारताला परकी नाही. स्वतंत्र भारताने १५ ऑगस्ट १९४९ रोजी काढलेल्या नित्योपयोगी मालिकेत अजिंठ्याचा हत्ती तीन पैच्या, म्हणजे सर्वांत स्वस्त तिकिटावर विराजमान झाला होता आणि कोणार्कचा घोडा सहा पैच्या. पुढे १९७३ मध्ये लघुचित्रांचा एक देखणा संच निघाला. साखळदंडाने बांधलेला हत्ती त्यात दोन रुपयांच्या तिकिटावर होता. पण तो संच स्मारक तिकिटांचा होता. चित्रित कल्पसूत्रांच्या पोथ्यांत त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांतील पहिली तीन म्हणून हत्ती, वृषभ आणि सिंह शतकानुशतके रंगविले गेले. आयरिश बैलाइतकेच तेही रोजच्या तिकिटाचे मानकरी आहेत.

आज हाताने लिहिलेली पत्रे विरळ झाली आहेत. म्हणूनच उरलेल्या प्रत्येक पाकिटाचे मोल वाढले आहे. वारसा केवळ संग्राहकाच्या वहीत सुरक्षित राहिला, तर तो जपला जाईल, पण ओळखीचा उरणार नाही. मुदतबंद ठेव आवश्यक असते; तथापि घर चालते ते हाती खेळत्या पैशावर. चिन्हांचेही तसेच आहे.