रिपोर्ट नॉर्मल, आणि मी?

शनिवारी सकाळी साडेसातला सॅम्पल घेणारा मुलगा दाराशी येतो. दंडाला पट्टा बांधतो, छोटीशी नळी भरतो, ‘संध्याकाळपर्यंत रिपोर्ट येईल मॅडम’ म्हणतो आणि बाइकला किक मारून पसार होतो. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ हजर! तीन ओळी, तीन आकडे आणि त्यातल्या एकाशेजारी ठळक अक्षरात ‘एच’. झालं, वीकेण्डची वाट! आधी गूगल, मग फॅमिली ग्रुप. तिथे कुणाच्या तरी नणंदेला अगदी हेच झालेलं असतं आणि ती धण्याचं पाणी पिऊन ठणठणीत झालेली असते. रात्री अकरापर्यंत आपण स्वतःला तीन नवे आजार लावून मोकळे!

तर आज जरा या पीडीएफबद्दल बोलू या. मी डॉक्टर नाही. पण या क्लबची सात वर्षं जुनी मेंबर आहे. माझ्या आजाराचं नाव हाशिमोटो. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, म्हणून हे नाव. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते आणि ग्रंथी हळूहळू थकते. ऑफिसात मी ‘मला थायरॉइड आहे’ असं सांगितलं, तेव्हा एक मित्र म्हणाला, ‘अगं, ते सगळ्यांनाच असतं. तुझं चालत नाही, असं म्हण.’ पॉइंट आहे!

आणि मेंबरशिप काही कमी नाही. देशातल्या आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मुंबई होती, गोवाही होतं. जवळपास ११ टक्के लोकांचं थायरॉइड मंद निघालं आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे तुमच्या मजल्यावर, तुमच्या लिफ्टमध्ये, तुमच्या पुढच्या क्युबिकलमध्ये कुणी ना कुणी सकाळी उपाशीपोटी ती इवलीशी पांढरी गोळी घेतंय.

आता पहिला फंडा. टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड ‘वाढलं’, असं आपल्याला वाटतं. नेमकं उलटं आहे. टीएसएच थायरॉइड बनवतच नाही. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून, आणि ती असते थायरॉइडला मारलेली हाक. जेवायला बोलावणारी आई आठवा. पहिली हाक गोड असते. तुम्ही हललाच नाहीत, तर दुसरी जरा वरच्या पट्टीत. तिसरी थेट खालच्या मजल्यावर ऐकू जाते! थायरॉइड सुस्त पडलं की टीएसएच असंच चढतं. आणि गोळीचा डोस जास्त झाला, की आई गप्प बसते, म्हणजे टीएसएच खाली जातं.

ही आई भलतीच हळवीही आहे. रक्तातलं थायरॉइड हार्मोन निम्म्यावर आलं, तर टीएसएच दुप्पट नाही, साधारण शंभरपट वाढू शकतं. म्हणून टीएसएच ३ वरून ६ वर गेलं की ‘बाप रे, डबल!’ म्हणून किंचाळायचं कारण नाही. प्रत्यक्ष हार्मोनमधला फरक त्या मानाने लहान असतो.

दुसरा फंडा, रेंजचा. रिपोर्टवर उजवीकडे जी रेंज छापलेली असते, साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी, ती काही आकाशातून पडलेली नाही. निरोगी माणसांच्या चाचण्या घेऊन त्यांतल्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे जिथे पडतात, ती रेंज. म्हणजे शंभरातले पाच धडधाकट लोकही रेंजबाहेर असतात! शिवाय प्रत्येक लॅबचं मशीन वेगळं, त्यामुळे रेंजही थोडी वेगळी. लॅब बदलली की युनिटही बदलू शकतं. फ्री टी-फोर एका लॅबने १.२ सांगितलं आणि दुसरीने १५.४, तर घाबरू नका. एकीने नॅनोग्रॅममध्ये मोजलं, दुसरीने पिकोमोलमध्ये. माणूस तोच, हार्मोन तेवढंच. कंपनीच्या मेडिकल चेकअपचा आकडा आणि घरच्या लॅबचा आकडा शेजारी ठेवून टेन्शन घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

आता लोच्या होतो कुठे? आपल्या रोजच्या आयुष्यात.

सकाळची गोळी आणि सकाळचा चहा यांचं जमत नाही. कॉफीचंही तेच. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा ते एक तास काही नाही. (हो, मलाही माहितीय, मुंबईत ७.५२ ची लोकल पकडणाऱ्याला हे सांगणं सोपं नाही.) कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. नाहीतर गोळी पोटात जाते, पण रक्तात नीट पोचत नाही. मग टीएसएच चढतं, डोस वाढतो आणि खरा गुन्हेगार आपल्या कपातून वाफाळत असतो.

दुसरा गुन्हेगार जास्त ग्लॅमरस आहे. बायोटिन! केस गळतात म्हणून पार्लरवालीपासून रूममेटपर्यंत सगळे ज्याची शिफारस करतात, ते. थायरॉइड मंद असलं की केस गळतात, म्हणून आपण बायोटिन घेतो, आणि काही प्रकारच्या चाचण्यांत तेच बायोटिन लुडबूड करतं. टीएसएच खोटंच कमी दिसतं, फ्री टी-फोर खोटंच जास्त. रिपोर्ट सांगतो डोस जास्त झालाय, शरीर सांगतं अजिबात नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लॅब टेस्टमधल्या या गडबडीबद्दल जाहीर इशारा दिला होता. तेव्हा टेस्टच्या आधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. डोस मोठा असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा. आणि सॅम्पल घ्यायला येणाऱ्या मुलालाही सांगा.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एकूण टी-फोर जास्त दिसू शकतं, प्रत्यक्षात वापरात येणारं फ्री टी-फोर ठीक असतं. पावसाळ्यात डेंग्यू किंवा टायफॉइडने झोपवलं असेल, तर बरं होतानाच्या दिवसांत टीएसएच तात्पुरतं वर जाऊ शकतं. त्या आठवड्यात उगाच टेस्ट करू नका. टीएसएच दिवसभरातही बदलतं, पहाटेच्या सुमाराला जास्त, दुपारी कमी. म्हणून दरवेळी शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी, सकाळची गोळी घेण्याआधी सॅम्पल द्या. आणि डोस बदलला की दुसऱ्या आठवड्यात ‘बघू या तरी’ म्हणून धावू नका. हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस घेतं. नव्या डोसचा खरा हिशेब सहा ते आठ आठवड्यांनी लागतो.

एवढं सगळं सांभाळलं आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला. पार्टी? थांबा, खरी गोची इथेच आहे.

माझी एक मैत्रीण, हिंजवडीत नोकरी करणारी. गेल्या वर्षी तिचं टीएसएच २.१ आलं. घरी स्थळं बघणं चालू होतं. तिची मावशी म्हणाली, ‘अगं, नॉर्मल आलं ना आता? मग कशाला ती गोळी? सवय लागते. आणि समोरच्यांना काय सांगायचं?’ हिने गोळी बंद केली. तीन महिन्यांनी टीएसएच ३८. चेहरा सुजलेला, आवाज बसलेला, मीटिंगमध्ये साधे शब्द आठवेनात. तिला वाटलं, आपण मठ्ठ झालोय. मठ्ठ नव्हती हो ती, गोळीशिवाय होती! शरीरात जे बनत नाही, ते बाहेरून देणं म्हणजे सवय नव्हे. चष्मा लावून दिसतंय म्हणून कुणी चष्मा फेकून देतं का?

आणि त्या स्थळांबद्दल. ज्या घरात रोजच्या एका गोळीने लग्न मोडतं, ते घर आधी कळलं हे बरंच झालं, असं माझं प्रामाणिक मत आहे. लपवून मात्र ठेवू नका. मूल हवं असेल तेव्हा तर अजिबात नाही. गरोदरपणात पहिले काही महिने बाळ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असतं आणि आईच्या गोळीचा डोस बहुतेकदा वाढवावा लागतो. प्लॅनिंग सुरू करतानाच डॉक्टरांना सांगायचं आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी फोन करायचा. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त छळते. रिपोर्ट नॉर्मल, आणि आपण मात्र दुपारी तीनला डेस्कवर डोकं टेकवून बसलेले. २०२२ मध्ये माझं असंच झालं होतं. टीएसएच २.४, आणि दोन जिने चढले की मी भिंतीला टेकायचे. एका डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली. ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन कमी घ्या, योगा करा.’ एकूण तीन मिनिटं! बाहेर पडताना रडू आलं ते थकव्याने नाही. आपल्यावर कुणाचा विश्वासच नाही, म्हणून.

दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळा प्रश्न विचारला, ‘पाळीत रक्तस्राव किती होतो?’ मग हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि बी-१२ तपासलं. शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपला होता. थायरॉइड बिचारं निर्दोष! लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या (चार तासांच्या अंतराने, अर्थात) आणि तीन-चार महिन्यांनी जिने पुन्हा नुसते जिने झाले.

तेव्हा जे कळलं ते सांगते. टीएसएच हे तुमच्या गोळीचं प्रगतिपुस्तक आहे, तुमचं नाही. ‘डोस बरोबर आहे का?’ एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर ते देतं आणि चांगलं देतं. ‘तू कशी आहेस?’ हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो. थकवा लोहामुळे असू शकतो, बी-१२ मुळे, अपुऱ्या झोपेमुळे, झोपेत श्वास अडकल्यामुळे किंवा डिप्रेशनमुळेही. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ‘तुला काही झालेलं नाही’ असा नाही. ‘कारण दुसरीकडे शोधा’ असा आहे.

आणि म्हणूनच थकवा आहे म्हणून गोळी स्वतःच वाढवायची नाही. टीएसएच जितकं कमी तितकं छान, असं मुळीच नाही. गरजेपेक्षा जास्त डोस बराच काळ चालू राहिला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि हाडं ठिसूळ होऊ शकतात. उलट, टीएसएच थोडंसं वाढलंय पण फ्री टी-फोर नॉर्मल आहे, अशांना दरवेळी गोळी लागतेच असंही नाही. वय, लक्षणं आणि गर्भधारणेचा विचार करून डॉक्टर ते ठरवतात. अनेकदा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट केली की आकडा आपोआप जागेवर आलेला असतो.

जाता जाता पैशाचं. ‘सुपर थायरॉइड पॅकेज, पन्नास टक्के ऑफ’ असले मेसेज दर आठवड्याला येतात. निदान झालेल्या, गोळी चालू असलेल्या बहुतेकांना नियमित तपासणीसाठी टीएसएच आणि गरज पडली तर फ्री टी-फोर पुरतं. अँटी-टीपीओ अँटिबॉडी एकदा पॉझिटिव्ह आली की ती दर सहा महिन्यांनी मोजून उपचार बदलत नाहीत. वाचलेल्या पैशात सिनेमा बघा.

त्यापेक्षा फोनमध्ये एक साधा तक्ता बनवा. तारीख, सॅम्पलची वेळ, लॅब, टीएसएच, फ्री टी-फोर, चालू डोस, गोळीचा ब्रँड. आणि शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. त्यात ‘मी कशी होते’ ते लिहायचं. झोप, पाळी, वजन, केस, मूड, जिने. डॉक्टरांसमोर ‘मला बरं वाटत नाही’ म्हटलं की तीन मिनिटांत बोळवण होऊ शकते. ‘आकडा २.४ आहे, तरी दोन महिने मला दोन जिने चढवत नाहीत, मग दुसरं काय तपासू या?’ असं विचारलं की डॉक्टरही पेन खाली ठेवून ऐकतात. नाही ऐकलं, तर दुसरे शोधा. हा आजार आपल्यासोबत राहायला आलाय, डॉक्टर निवडायचा हक्क आपला आहे.

पुढची टेस्ट कधी आहे, ते आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका. आणि उद्या सकाळी चहा जरा उशिरा!