उडीआधीचे वळण

खराडीच्या उंच इमारतींतून घोडेस्वारी शिकावयास निघालेल्या मुलाचे, आणि त्याच्या पालकांचेही, सारे लक्ष उडीकडे असते. जाणकार प्रशिक्षक मात्र अडथळ्याआधीचे वळण पाहतो.

अश्वाचे वजन मुळातच पुढील पायांवर अधिक. स्वार बसला की ते आणखी वाढते. नवखा स्वार वळणावर आतील लगाम ओढतो. मान वळते, परंतु खांदा बाहेर निसटतो आणि मागील पायांचा जोर शरीराखाली येत नाही. असा अश्व अडथळ्यासमोर तिरका पोहोचतो. मग दांडी पडते, किंवा तो उडीच नाकारतो. आणि चाबूक मात्र त्याच्याच अंगावर बसतो. हा उघड अन्याय होय.

उपाय संथ आहे. सुमारे 20 मीटर व्यासाच्या वर्तुळावर प्रथम दुडकी, नंतर मंद दौड. आतील पायाने अश्वास पुढे प्रेरावे, बाहेरील लगामाने खांदा सावरावा, दृष्टी पुढील अडथळ्याकडे असावी. वळणापूर्वी पाठ ताठ करून लगाम क्षणभर आवळावा व लगेच सैल सोडावा. हे सोडणेच पुष्कळांना जमत नाही! दांड्या जमिनीवर ठेवूनच, डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंनी हा सराव व्हावा.

टोकियो ऑलिंपिकच्या त्रिविध अश्वारोहण स्पर्धेत 2021 साली फवाद मिर्झा 23 वे आले. उड्यांच्या पहिल्या फेरीत त्यांना 8 दंडगुण मिळाले. पडलेल्या एका दांडीचे 4. त्या फेरीपूर्वी त्यांच्या अश्वाने ड्रेसाजची, म्हणजे बव्हंशी तोलाची व वळणांचीच, परीक्षा दिली होती.