आधी उतार का आला ते बघा

गुलमंडीजवळच्या आमच्या जुन्या वाड्यात माडीवरची जमीन एका कोपऱ्याकडे उतरलीये. गोटी सोडली की बरोबर तिथेच जाते (पोरांचा आवडता खेळ!). आता घरात ठरतंय, वर काँक्रीटची भर टाकून लेव्हल करायची आणि टाइल्स बसवायच्या. मंडळी, माझा याला साफ विरोध आहे.

हिशोब करा. 10 बाय 10ची खोली, सरासरी 2 इंच भर, म्हणजे टनाहून जास्त वजन. आणि भर सगळ्यात जाड कुठे पडणार? जिथे जमीन आधीच खचलीये तिथेच! खाली लाकडी तुळया. त्यांची टोकं भिंतीत असतात, माळवदाचं पाणी भिंतीत मुरलं की तिथेच कुजतात. वाळवी वेगळीच. त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली आईची खाट आहे.

तळमजल्याचं प्रकरण निराळं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात पाया हलतो. आणि मोरीकडचा उतार तर मुद्दाम दिलेला असतो, तो कुणी 'दुरुस्त' करू नये. असो.

काका, तुम्ही म्हणता "इतकी वर्षं काही झालं नाही". खरंय, पण इतकी वर्षं हा टनही नव्हता ना. आधी खालून टेकू लावू, तुळईचं टोक उघडून बघू. सुताराचे पैसे मी देतो. टाइल्सचा रंग नंतर ठरवा.