वाडा वाचवायचा, तो कुणासाठी?

जुन्या कल्याणचा विषय निघाला की दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, पारनाका, टिळक चौक, गांधी चौक या भागातले एकोणिसाव्या शतकातले वाडे हा आपला वारसा आहे, तो जपलाच पाहिजे. दुसरा म्हणतो, वासे कुजले, भिंतींना ओल आली. पाडा आणि टॉवर उभा करा. पहिला आवाज ज्यांचा, ते बहुधा त्या वाड्यात राहत नाहीत. दुसरा ज्यांचा, त्यांना जागेचा भाव तोंडपाठ असतो. वाड्यात जी राहते, पाणी भरते, पावसात गळक्या कौलांखाली बादल्या मांडते, तिला मात्र दोघेही विचारत नाहीत.

आधी वारसावाल्यांचे पाहू. नक्षीदार खांब, ओटीवरचा झोपाळा, चौकातले तुळशीवृंदावन यांचे वर्णन करताना त्यांचा गळा दाटून येतो. पण ओटी आणि झोपाळा कुणाचा होता? बाईच्या वाट्याला आले ते धुराने भरलेले स्वयंपाकघर, बाळंतिणीची अंधारी खोली, विटाळशीचा कोपरा आणि केशवपन केलेल्या विधवेने तोंड लपवून बसायची जागा. याच पारनाका परिसरातल्या जोशांच्या घरातली यमू वयाच्या ९व्या वर्षी बोहल्यावर चढली. नवरा टपाल खात्यातला, विधुर आणि वयाने खूप मोठा. १४व्या वर्षी ती बाळंत झाली आणि मूल दहा दिवसांत गेले. तीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी झाली. १८८६ साली तिने फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही झाली, पण ती जागा सांभाळण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, ती क्षयाने गेली. वयाची २२ वर्षेही पुरी झाली नव्हती. आज तिच्या नावाचा अभिमान सगळ्यांनाच वाटतो. तिचे बालपण ज्या चालीरीतींनी खाल्ले, त्यांच्याबद्दल वारसाप्रेमी एक अक्षर काढत नाहीत.

मग असले वाडे पडलेलेच बरे, असे काही मैत्रिणी म्हणतात. मला ते पटत नाही. जिथे आपल्याला कोंडले ती जागाच नाहीशी झाली, तर कोंडले होते हे उद्याच्या मुलींना कोण पटवून देणार? टॉवरच्या वाहनतळात माजघराची खूण सापडत नाही. राजांचे किल्ले जपले जातात, सरदारांचे दरवाजे जपले जातात. बाईच्या आयुष्याची साक्ष देणाऱ्या जागा आधीच थोड्या, आणि त्या अशा घरांतच आहेत.

आता पाडणाऱ्यांचे. त्यांचा एकच मुद्दा: धोका. धोका खोटा नाही. २०१५च्या ऑगस्टमध्ये ठाण्याच्या नौपाड्यातली कृष्ण निवास ही इमारत कोसळून १२ जणांचे प्राण गेले. पण त्याच ठाण्यात ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. ती कुणाच्या पणजोबांनी बांधलेली नव्हती. ती बेकायदा होती, नवीकोरी होती आणि तिचे बांधकाम अजून चालूच होते. म्हणजे माणसे मारते ते वय नव्हे. हेळसांड मारते, हाव मारते.

हेळसांड कशी होते तेही सरळ आहे. भाडे इतके थोडे की मालक म्हणतो, दुरुस्ती परवडत नाही. त्याची अडचण खरी असेल. पण १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी त्याच्यावरच टाकली आहे. कौले फिरवायची नाहीत, पन्हळ दुरुस्त करायची नाही, वासा कुजू द्यायचा, आणि मग एक दिवस ‘अतिधोकादायक’ अशी नोटीस दारावर लागते. महापालिकेच्या यादीत वर्ग असतात: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा, सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्त करा, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. एका अक्षरावर घर राहते किंवा जाते. ते अक्षर कुणी, कशावरून ठरवले, हे त्या घरातल्या बाईला कुणी समजावून सांगते का?

आणि घर रिकामे करायची वेळ येते तेव्हा खरा प्रश्न पुढे येतो: भाडेपावतीवर नाव कुणाचे? सासऱ्याचे, नाहीतर दिराचे. नवऱ्यामागे तीस वर्षे त्या खोलीत राहिलेली विधवा, माहेरी परत आलेली टाकलेली बाई, आईबापांना अखेरपर्यंत सांभाळणारी अविवाहित मुलगी, यांचे नाव कागदावर नसतेच. बिल्डर करार करतो तो पावतीवाल्याशी. वास्तविक कायदा म्हणतो, भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू होऊ शकते. कायद्याने व्यक्ती म्हटले आहे, मुलगा म्हटलेले नाही. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे. ज्यांना हे कळायला हवे त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही.

शिवाय वाडा म्हणजे नुसते डोक्यावरचे छप्पर नव्हे. तळमजल्यावरच्या खोलीत पोळीभाजी केंद्र चालवणारी बाई संध्याकाळच्या लोकलने परतणाऱ्या शेकडो नोकरदार बायकांचा स्वयंपाक हलका करते. तिला भाड्याने टिटवाळ्याला किंवा बदलापूरला पाठवले, तर घर मिळेल, गिऱ्हाईक मिळणार नाही. ‘पर्यायी जागा’ या दोन शब्दांत तिची कमाई मोजलेली नसते.

म्हणून आमचे म्हणणे असे. दुरुस्ती शक्य असेल तिथे आधी दुरुस्ती. तपासणीचा अहवाल मराठीत, प्रत्येक बिऱ्हाडाला. घर सोडण्याआधी जागेचे मोजमाप लेखी हातात. पावतीवर आणि करारावर तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्या बाईचे नाव. आणि जे जपायचे त्यात ओटीइतकेच माजघरही.

मैत्रिणींनो, सभा, मोर्चे पुढे होतीलच. आज एवढेच करा: घरातली भाडेपावती काढा आणि तिच्यावरचे नाव वाचा. ते तुमचे नसेल, तर वाडा वाचवण्याची लढाई तिथूनच सुरू होते.