गाळलेल्या अक्षराची घडी

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले आणि ‘डोन्ट’, ‘इझन्ट’ यांच्या याद्या घोकणे बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतल्या मुलांच्याही वाट्याला आले. वास्तविक ‘राहिला’चे ‘रायला’ करणाऱ्या वऱ्हाडी मुलाला शब्द आखडणे उपजतच अवगत असते. अनोळखी असते ती केवळ अपॉस्ट्रफीची खूण. जुन्या वहीच्या पट्टीवर ‘इज नॉट’ लिहून त्यातील ‘ओ’ त्याच्याच हातून दुमडवावा, घडीवर ती खूण काढवावी. घडी उलगडताच गेलेले अक्षर पुन्हा दिसते. (‘सोऽहम्’मधील अवग्रहही लोपलेल्या ‘अ’चीच आठवण ठेवतो.) ‘वोन्ट’ मात्र या घडीत बसत नाही, हे गुरुजींनी प्रांजळपणे सांगावे. खर्च जवळजवळ शून्य. परंतु अभ्यासक्रम उरकण्याच्या घाईत तेवढी दहा मिनिटे काढणार कोण?