कवड्यांची माळ आणि सोळा वर्षांची तबकडी

९ डिसेंबर १९९१. इंग्लंडमधल्या रेकॉर्डच्या दुकानांत सोळा वर्षांपूर्वीचं एक गाणं पुन्हा विक्रीला आलं. ध्वनिमुद्रण तेच, आवाजही तोच. फक्त गाणारा पंधरा दिवसांपूर्वी, २४ नोव्हेंबरला, एड्सने गेला होता. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५च्या नोव्हेंबरात पहिल्या क्रमांकावर चढली होती, ती नऊ आठवडे खाली उतरली नव्हती. या दुसऱ्या खेपेला पाच आठवडे. एकच ध्वनिमुद्रण दोन वेगवेगळ्या नाताळांत अव्वल, असं ब्रिटनमध्ये आधी कधी झालं नव्हतं. विक्रीचे पैसे एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेले.

गाणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे १९४६ साली झांझिबारला जन्मलेला फारुख बुलसारा. घर पारशी, आडनाव बुलसारचं, आताच्या वलसाडचं. आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला शिकायला धाडलं ते थेट पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. पुढचे दात बाहेर आलेले, म्हणून पोरं त्याला ‘बकी’ म्हणत. १९५८ साली त्याने वसतिगृहातल्या मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि स्वतः पियानोवर बसला. महाबळेश्वरला जाताना पाचगणीत स्ट्रॉबेरीसाठी गाडी थांबवणाऱ्या किती मराठी माणसांना हे ठाऊक असतं, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

फ्रेडीचा ‘क्वीन’ हा बँड उभा राहिला तो काळ नटव्या ग्लॅम रॉकचा, १९७१च्या आसपासचा. गायक मार्क बोलन गालांवर चमकी लावून टीव्हीवर उभा राहिला, पुढच्या वर्षी डेव्हिड बोवी आला, आणि पुरुषांनी काजळ घालावं की नाही यावर इंग्लंडातल्या घराघरांत बापलेकांचे खटके उडू लागले. क्वीनला निखळ ग्लॅममध्ये बसवणं जाणकारांना रुचत नाही, पण त्यांचे सुरुवातीचे पोशाख त्याच मुशीतले.

माहूरच्या माणसाला या सगळ्याचं फारसं नवल वाटू नये. रेणुकामातेच्या या गावाला गोंधळी परके नाहीत. गोंधळ्यांच्या दोन जाती: तुळजाभवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई. पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर कुंकवाचा मळवट, हातात पेटती दिवटी. रेणुका-यल्लमाच्या परंपरेत तर जोगते लुगडं नेसून देवीपुढे नाचतात. नटलेला पुरुष गायला उभा राहतो तो देवीसाठी, एवढं इथल्या पोरालाही कळतं. लंडनला तेच कळायला चमकी लागली.

सारखेपणा नुसता पोशाखाचा नाही. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला ध्रुवपद नाही. आधी पियानोवरचं संथ गाणं, मग ऑपेरासारखा सवालजवाब, मग गिटारचा धडाका, शेवटी पुन्हा शांत. गोंधळातही आधी देवदेवतांना आवाहन, मग आख्यान, आणि आख्यानात नायकाला, म्हणजे मुख्य गोंधळ्याला, मध्येच अडवून प्रश्न विचारणारा साथीदार. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांची तबकडी रेडिओवाले वाजवणार नाहीत, अशी धास्ती कंपनीला होती. केनी एव्हरेट या निवेदकाने ती दोन दिवसांत चौदा वेळा वाजवली आणि तो वाद संपला. रात्रभर आख्यान ऐकलेल्या माणसाला सहा मिनिटांची ही धास्ती गमतीची वाटेल.

ऑपेराच्या भागासाठी क्वीनच्या चौघांपैकी तिघेच गायले. आवाजावर आवाज इतके चढवले की टेप घासून आरपार दिसू लागली, असं गिटारवादक ब्रायन मे सांगत आला आहे.

जुनं गाणं पुन्हा बाजारात आलं की लोक सरसकट कंपनीच्या लोभाकडे बोट दाखवतात. लोभ असतोच. पण नुसत्या लोभाने गाणं चालत नाही, निमित्त लागतं. १९९१ साली ते मृत्यूचं होतं. १९९२ साली ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटात गाडीत बसलेली पोरं हेच गाणं माना हलवत गायली, आणि १९७६ मध्ये नवव्या क्रमांकावर अडकलेलं गाणं अमेरिकेत दुसऱ्यावर गेलं. २०२३ साली लंडनमध्ये फ्रेडीच्या सामानाचा लिलाव झाला. या गाण्याच्या हस्तलिखित खर्ड्याची पानं तेरा लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. त्यांतल्या एका पानावर ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असं लिहून पहिला शब्द खोडलेला आहे.

आपल्याकडे जुनी गाणी पुन्हा बाजारात आणण्याचं काम सारेगामा कंपनीच्या ‘कारवाँ’ने केलं. २०१७ साली आलेल्या त्या रेडिओसारख्या डब्यात पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेली होती, आणि मुलांनी तो आईबापांच्या वाढदिवसाला विकत घेतला. इथे निमित्त घरातलं.

माहूरला निमित्त शोधावं लागत नाही. नवरात्र आलं की गडाच्या वाटेवर कुंकू-बांगड्यांच्या दुकानांतून देवीची जुनी गाणी सुरू होतात. कधीकाळी कॅसेटवरची, मग सीडीवरची, आता पेनड्राइव्हवरची. बाजूला खलबत्त्यात विड्याची पानं कुटून तांबूल तयार होत असतो. कर्ण्याचा आवाज जरा पडला की संबळ ऐकू येतो: कमरेला बांधलेली दोन तोंडं, हातात दोन काठ्या, त्यांतली एक टोकाशी वळलेली. तो वाजवणारा गाण्याचं साल सांगत नाही, आणि त्याला कुणी विचारतही नाही.