माणसे पुसलेली काशी

आमच्या वर्गातील घरांच्या दिवाणखान्यांत अलीकडे एक नवे चित्र येऊन बसले आहे. पूर्वी त्या जागी रविवर्म्याची लक्ष्मी असे. आता काशीचा घाट असतो. पहाटेची निळसर वेळ, दुधाच्या सायीसारखी निश्चल गंगा, रिकाम्या पायऱ्या, आणि एकंदरीत अशी निःस्तब्धता की या नगरात मनुष्यप्राणी राहतच नसावा असे वाटावे. असल्याच छायाचित्रांचे एक प्रदर्शन नुकतेच आमच्या पाहण्यात आले. मंडळी चित्रांपुढे उभी राहून "काय शांत वाटते हो!" असे उद्गार काढीत होती. प्रथमदर्शनी आम्हांसही तसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे. परंतु ज्याने काशीस चार दिवस काढले आहेत त्याच्या मनात उठावा तो प्रश्न लवकरच आमच्या मनात उठला: या घाटावरची माणसे गेली कोठे?

माणसे घाटावरच होती. कॅमेऱ्याने ती पुसून टाकली. या कलेस 'लाँग एक्सपोजर' म्हणतात. भिंगापुढे एक गडद काच बसविली म्हणजे आत येणारा प्रकाश सुमारे हजारपटीने कमी होतो, आणि जे चित्र सेकंदाच्या तिसाव्या भागात निघाले असते त्यासाठी शटर अर्धा मिनिट उघडे ठेवावे लागते. तेवढ्या अवधीत पाण्यावरच्या असंख्य लाटा एकमेकींवर उमटून सपाट होतात. चालता मनुष्य कोणत्याच जागी पुरेसा ठरत नाही, म्हणून त्याचा मागमूसही राहत नाही.

१८३८ साली दागेर याने पॅरिसच्या बुलवार द्यु ताँप्ल या रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा हेच घडले. चांदीचा मुलामा दिलेल्या त्याच्या पत्र्यास प्रतिमा टिपण्यास कित्येक मिनिटे लागत. गाड्या, घोडे, पादचारी सारे नाहीसे झाले. कोपऱ्यावर बूट साफ करवून घेत उभा असलेला एक गृहस्थ मात्र स्पष्ट उमटला. त्याच्या पायांशी वाकून ज्याचे हात चालले होते तो बिचारा धूसरच राहिला. दागेरचा तो नाइलाज होता. आजच्या छायाचित्रकाराजवळ सेकंदाच्या हजाराव्या भागात प्रसंग पकडणारे यंत्र असून तो आपखुशीने त्यावर काळी काच चढवितो आणि १८३८ चे पंगुत्व विकत घेतो. हा नाइलाज नव्हे, निवड आहे. आणि निवडीचा जाब विचारता येतो.

काशीच्या घाटावर या निवडीने कोण गळते ते पाहावे. वल्हे मारणारा मल्लाह गळतो. दगडावर कपडे आपटणारा धोबी गळतो, दगड राहतो. घाटियाची छत्री राहते आणि तिच्याखाली हातवारे करून संकल्प सांगणारा घाटिया विरून जातो. मणिकर्णिकेवर तर या तंत्राचा कळस होतो. तेथे चितेची ज्वाळा मखमली प्रभा बनते, लाकडे वाहणारे आणि बांबूने चिता सारखी करणारे डोम अदृश्य होतात, आणि शव निश्चल असल्यामुळे तेवढे नीट उमटते. ज्या शहरात रात्रंदिवस माणसे राबतात त्या शहराच्या चित्रात मेलेल्यास जागा आहे, राबणाऱ्यास नाही!

यावर एक भारदस्त समर्थन ऐकावयास मिळते. म्हणे, क्षणभंगुर ते गळून शाश्वत तेवढे राहते. वेदान्ताचे नाव घेतले की आमचे सुशिक्षित चटकन माना डोलावतात. पण येथे शाश्वत ठरले काय? दगड! बायजाबाई शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधविलेला शिंदे घाट स्वतःच्याच भाराने खचला. शेजारचे रत्नेश्वराचे देऊळ आजही कललेले उभे आहे. अहिल्याबाईंनी, पेशव्यांनी, नागपूरकर भोसल्यांनी काशीत जे बांधले त्याचा मराठी माणसास रास्त अभिमान आहे. परंतु पायऱ्या बांधल्या त्या उतरणाऱ्या पावलांसाठी. उन्हाळ्यात नदी कित्येक हात खाली जावी, पावसाळ्यात तितकीच चढावी, आणि तरीही म्हातारीकोताऱ्यांस पाण्यापर्यंत पोहोचता यावे, हे त्या बांधकामाचे प्रयोजन. खचला तो दगड. स्नान, नावा आणि चिता मात्र आजतागायत चालू आहेत. काशीत जे हलते तेच टिकले आहे.

नदीचेही तेच. ज्या पाण्यात मैल्याचे नाले मिळत आले, ज्यावर निर्माल्य आणि फेस तरंगतो, ते या चित्रांत निष्कलंक रेशीम होऊन येते. गंगा निर्मळ करण्याची सरकारी योजना १९८६ पासून चालू आहे. छायाचित्रकार ते काम अर्ध्या मिनिटात उरकतो. आणि ही दृष्टी केवळ भिंतीपुरती राहते असेही नव्हे. विश्वनाथाच्या देवळापासून गंगेपर्यंतचा प्रशस्त मार्ग २०२१ च्या डिसेंबरात खुला झाला. त्यासाठी गल्ल्यांतील शेकडो इमारती विकत घेऊन पाडण्यात आल्या. त्याच्या बऱ्यावाईटाचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. पण गजबज म्हणजे अमंगळ आणि रिकामे ते पवित्र, ही चव आमच्या जिभेस कोठून लागली, याचा विचार चित्र विकत घेणाऱ्याने करावयास नको काय?

दोष यंत्राचा आहे असे आमचे म्हणणे नाही. नेवा नदीकाठच्या सेंट पीटर्सबर्ग शहरात अलेक्सेई तितारेंको याने १९९२ ते १९९४ या वर्षांत हेच तंत्र वापरले. सोव्हिएत राज्य कोसळलेले, लोक हवालदिल. भुयारी रेल्वेच्या पायऱ्यांवरचा लोंढा त्याच्या चित्रात धुरासारखा दिसतो, आणि त्या धुरातून कठड्यास धरलेले हात तेवढे ओळखू येतात. तेथे धूसरपणानेच माणसांची व्यथा सांगितली आहे. आमच्या रघुवीर सिंगांनी १९८७ च्या बनारसवरील ग्रंथात सरळ, लखलखीत रंगांत माणसांनी भरलेले शहर दाखविले. दोघांचे मार्ग भिन्न, पण नजर माणसाकडे.

त्या प्रदर्शनातील एका चित्रात पाण्यावर एक फिकट पिवळी रेघ आम्हांस दिसली. कोणाच्या तरी नावेवरील कंदिलाची ती वाट असावी. त्या सबंध दालनात जिवंत माणसाची तेवढीच खूण होती. आम्ही तिची प्रशंसा केली, तेव्हा तरुण छायाचित्रकार ओशाळून म्हणाला, "ती चूक राहून गेली आहे, सर. पुढच्या प्रतीत काढून टाकीन."